नो फॉल्ट म्हणजे माझा फॉल्ट नाही

२२ जानेवारी २०२५, बुधवार. दवाखाना.
डाव्या हसळीचं हाड मोडलंय. उजवा हात शाबूत, म्हणून रोजनिशी चालू. रविवारी वैजापूरहून लग्न उरकून येताना आमची गाडी लिंबाच्या झाडाला धडकली. चालवत मी होतो, पण चूक माझी नाही. कुत्रं आडवं आलं. कबरं. सव्वीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवतोय, भर संध्याकाळी क्रांती चौकातून नवशिके काढलेत. माझ्याकडून चूक होतच नाही.
बायको निशा शेजारी झोपली होती. तिच्या मांडीचं हाड मोडलं, रॉड टाकलाय. शुद्धीवर आल्या आल्या विचारलं, काय झालं होतं हो? म्हणालो, कुत्रं. माझ्याकडं बघत राहिली. इंजेक्शनचा असर.

२७ जानेवारी. सकाळी १०.
विमा एजंट कडुबा दोन संत्री घेऊन भेटायला आला. बोलता बोलता म्हणाला, कायद्यात 'नो फॉल्ट' म्हणून एक कलम हाय. नो फॉल्ट! म्हणजे माझा फॉल्ट नाही हे सरकारनं आधीच लिहून ठेवलंय. अर्धं दुखणं तिथंच पळालं.
संकल्प : अख्खा मोटार वाहन कायदा आठ दिवसांत वाचणे. वकील नको.

४ फेब्रुवारी.
कायदा वाचला. चार पानं. पुढंही असंच असणार.
कंपनीला फोन केला. मुलगी म्हणाली, सर, मालक स्वतः चालवत असेल तर त्याचा अपघात विमा वेगळा. त्यात मृत्यू, हात-पाय-डोळा जाणं, कायमचं अपंगत्व एवढंच येतं. मोडलेली हसळी बसत नाही. मी विचारलं, मग नो फॉल्ट? म्हणाली, ते दुसऱ्यांसाठी असतं सर, मालकासाठी नाही. मुलगी नवीन दिसली. सीनियरला द्या म्हणालो. सीनियरनं तेच सांगितलं. सगळी कंपनीच नवीन आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार.
मुलगी श्रेया अदालत रोडवर एका वकिलाकडं ज्युनियर आहे. पोळ्या लाटता लाटता तिनं मला समजावलं. मी समजून घेतल्यासारखं केलं.
म्हणाली, अर्ज आई करणार. मांडीचं हाड मोडलं म्हणजे गंभीर दुखापत, त्याला अडीच लाख ठरलेले. आपली पॉलिसी पॅकेजवाली, गाडीत बसलेली माणसं तिच्यात येतात. या गाडीनं अपघात झाला आणि आईला इजा झाली, एवढंच दाखवायचं. चूक कोणाची, हे कोणी विचारत नाही.
अर्ज कोणाविरुद्ध? मालकाविरुद्ध आणि कंपनीविरुद्ध.
मालक म्हणजे मी. कागदावर माझं नाव 'गैरअर्जदार क्रमांक एक'. सव्वीस वर्षांत एक चलान नाही आणि आता हे!
म्हणालो, आधी कुत्रं सिद्ध करू. श्रेया म्हणाली, पप्पा, सिद्ध करायचं नाही, तीच तर सोय आहे. पोरीला अनुभव नाही.

८ मार्च.
एसटीनं जागेवर गेलो. टपरीवाल्याला विचारलं, इथं एक काळं कुत्रं असतं ना? म्हणाला, इथं लई कुत्रे हायेत, तुमचं कंचं? फोटो चार काढले. तीन कुत्र्यांचे, एक झाडाचा. झाडाची साल एका बाजूनं पूर्ण सोललेली. निशाच्या बाजूनं. तिथं जास्त थांबलो नाही. ऊन फार होतं.

११ एप्रिल.
निशा छावणीत जेवणाचे बावीस डबे पोचवायची, ते दुसऱ्या बाईकडं गेले. किती दिवस वाट बघणार लोक? आज ती वॉकर धरून ओट्यापाशी उभी राहिली. कुकरचं झाकण लावायला गेली, पाय थरथरला, झाकण तसंच ठेवून बसली. रडली नाही. रडली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं.
संकल्प : कोर्टासाठी सविस्तर निवेदन लिहिणे. मग अर्ज.

२० मे. दुपार.
डॉक्टर म्हणतात हाड जुळत नाही. पुन्हा ऑपरेशन. कमरेतलं हाड काढून मांडीत भरणार. निशानं नुसतं विचारलं, मांडी घालून बसता येईल का? डॉक्टर म्हणाले, बघू.
बाहेर आल्यावर श्रेया कॉरिडॉरमध्येच माझ्यावर ओरडली. सहा महिन्यांत अर्ज टाकायचा असतो पप्पा, चार संपले! एका कुत्र्यापायी तुम्ही आईला अडकवून ठेवलंय! नर्स बघत होती. मी शांतपणे सांगितलं की निवेदन नवव्या पानावर आहे. कुत्र्याचा वेग काढायचा राहिलाय.
जेवण गेलं नाही. उन्हाळा.

३० जून.
निशानं पलंगावर बसून अर्जावर सही केली. कागद श्रेयानं आणले. मला कोणी विचारलं नाही. मी दारात उभा होतो. निशा म्हणाली, तुमचं चालू द्या, लिहा.
चौदा पानं झाली.

२४ जुलै.
पोस्टमन नोटीस घेऊन आला. अर्जदार निशा रामकिसन, राहणार अमुक. गैरअर्जदार क्रमांक एक रामकिसन, राहणार तेच अमुक. सही केली. आतून निशानं विचारलं, कोण आलंय हो?
म्हणालो, तूच.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. रात्रीपर्यंत थांबायला नको म्हणून आत्ताच लिहितो, सायंकाळी ५.
कोर्ट. इस्त्रीचा शर्ट. चौदा पानं फाइलीत.
साहेबांनी विचारलं, गाडी तुमची? हो. पॉलिसी चालू होती? हो. झालं. मी फाइल उघडली, साहेब, अपघाताचं कारण असं की... साहेब म्हणाले, त्याची गरज नाही. या कलमात चूक कोणाची हा प्रश्नच नसतो. बसा.
बसलो. अडीच लाख कंपनीनं भरावेत असा आदेश झाला. श्रेयानं आईचा हात दाबला. मला आनंद व्हायला पाहिजे होता. पण दहा महिने ज्या प्रश्नाचं उत्तर घोकलं, तो आता कोणीच विचारणार नाही, एवढंच डोक्यात.
श्रेया आदेशाची नक्कल मागायला गेली. आम्ही दोघं बाहेर बाकावर. न विचारता माझ्याच तोंडून निघालं, निशा, कुत्रं नव्हतं. एका पोराचा मेसेज आला होता, सर, लायसन्स मिळालं. त्याला अंगठा पाठवत होतो.
निशा म्हणाली, ठाऊक हाय.
कसं काय?
म्हणाली, मी झोपले कुठं होते? समोर बघा म्हणाले होते की. दोनदा.
मला आठवेना. मग आठवलं.
विचारलं, इतके दिवस बोलली का नाहीस? म्हणाली, तुम्ही सांगता का, ते बघत होते. लई वेळ लावला. मेलं ते हाडसुद्धा आधी जुळलं.
मग वॉकर जवळ ओढला आणि म्हणाली, रिक्षा बघा एखादी. आणि रस्ता ओलांडताना दोन्हीकडं बघून जा.
बघून गेलो.