थंडी संपल्यावरचे टायर

बाबा, तू असतास तर आज आपलं जोरदार भांडण झालं असतं. नाहीस, म्हणून लिहितोय. मराठीत लिहितोय, कारण दर रविवारी तूच मला ओढत मराठी शाळेत नेऊन बसवायचास, आणि कारण मी इंग्रजीत ओरडलो की तू नुसता हसायचास. तर आता मराठीत ऐक. शनिवारी तुझ्या त्या टायरच्या ज्ञानापायी माझ्या शेजारी बसलेली एक मुलगी मेली असती. मीही मेलो असतो, पण त्याचं मला तेवढं काही नाही.

ती कोण ते आधी सांगतो, तुला ती माहीत असायचं कारण नाही. ती नाशिकची, फिजिओ आहे, मला युनित, म्हणजे युनिव्हर्सिटीत, भेटली. मी मेकॅनिकलला होतो. होतो, हो. अर्ध्यात सोडलं. एका लेक्चररशी भांडलो, बॅग उचलली आणि परत गेलोच नाही. आता फिशविकला एका वेअरहाऊसमध्ये फोर्कलिफ्ट चालवतो. चिडायचं असेल तर चीड, पण आज माझी पाळी आहे. तर तिला या थंडीपुरतं बर्फाच्या डोंगरांजवळ, कूमा गावात काम मिळालं, स्कीइंग करताना गुडघे मोडून घेतलेल्यांना परत चालतं करायचं. मग मी दर वीकेंडला गुंगालिनहून दीड तास गाडी हाकत कूमाला जायला लागलो. सुरुवातीलाच एका सकाळी मोनारो हायवेवर पांढरं काहीतरी चमकलं, आणि बाबा, मला तू आठवलास. त्याच आठवड्यात मी चार विंटर टायर मागवले. दुकानातला माणूस म्हणाला, "शुअर आहेस ना, मेट? इथे कुणी घेत नाही. वर बर्फात गेलं तर लोक चाकांना चेन लावतात." मी त्याला सांगितलं, माझ्या बाबांकडे होते. जणू तू रेसिंगवाला होतास.

आणि खोटं कशाला बोलू, जुलैमध्ये, इथल्या ऐन थंडीत, ते टायर भारी चालले. सावलीतल्या वळणांवर रात्रीचं दव गोठून काच झालेली असायची, पुढची गाडी हलकेच तिरकी व्हायची, माझी मात्र रस्ता धरून. तिच्या दारात पोहोचलो की ती विचारायची, "रस्ता कसा होता?" मी म्हणायचो, "मस्त." तिच्या हातात चहाचे दोन मग असायचे. मला वाटायचं हे असंच चालणार. मग सप्टेंबर संपला, मोनारोच्या दोन्ही बाजूंची कुरणं कोवळी झाली, हीटरऐवजी एसी लागायला लागला, आणि मी टायर काढले नाहीत. कशाला काढीन? तू कधी काढले होतेस?

तुझी इथली पहिली थंडी मला आठवते. पुण्याहून येऊन काही महिनेच झालेत. तू स्वयंपाकघरात चहाच्या पातेल्यात पाणी उकळतोयस, आई ओट्यापाशी, "अहो, नका, नका ना." तू ऐकत नाहीस. ड्राइव्हवेवर जाऊन गाडीच्या गोठलेल्या काचेवर ते उकळतं पाणी ओततोस, आणि काच या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकते. त्या दिवसापासून तू थंडीशी उभं वैर धरलंस. मला नोव्हेंबरच्या उन्हातसुद्धा शाळेच्या दप्तरात कानटोपी. मुलं ती काढून फेकाफेकी करायची, तुला सांगितलं तर म्हणायचास, "कान त्यांचे नाहीत, तुझे आहेत." मग ऑफिसातल्या कुणा कॅनडाच्या माणसाने तुला विंटर टायरचं सांगितलं आणि तुला देवच भेटला. नवे टायर आले तेव्हा बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चार चाकांखाली चार लिंबं. शेजारचा म्हातारा कुंपणावरून विचारतोय, "ऑल गुड, मेट?" आणि तू अगदी गंभीरपणे, "यस यस, ओन्ली लेमन." मग गाडी पुढे घेतलीस, लिंबं फुटली, आणि तू असा उतरलास की जणू आता आपल्याला काही होणारच नाही.

त्यानंतर ते टायर निघालेच नाहीत. दिवाळीला आपण मेलबर्नला मामाकडे निघायचो, ग्लेन वेव्हर्लीला, ह्यूम हायवेने, भर उन्हात. गाडी कशी चालायची आठवतं? गादीवर चालल्यासारखी. तू स्टिअरिंग वळवायचास, गाडी क्षणभर विचार करायची, मग वळायची. ट्रक शेजारून गेला की मागची बाजू डुलायची. आई खिडकीशी तोंड करून ओवा चघळत बसलेली. मी मागून विचारलं, "बाबा, गाडी अशी का हलते?" तू आरशातून माझ्याकडे बघितलंस. "थंडीचे टायर आहेत. यांना पकड जास्त असते. ज्यातलं कळत नाही त्यात बोलू नये." मी गप्प बसलो. म्हणजे बघ, इतका गप्प बसलो की पुढे युनित रबराचा अख्खा धडा शिकलो, हे रबर गारठ्यासाठी मऊ ठेवलेलं असतं, उन्हात ते आणखी लिबलिबित होतं, त्याच्यावरच्या बारीक चिरा थंडीत रस्ता पकडतात आणि तापलेल्या डांबरावर नुसत्या वळवळतात, परीक्षेत उत्तरही लिहिलं, आणि तरी तुझंच खरं मानलं. याचा राग येतो मला. माझाही येतो, पण तुझा जास्त.

तर शनिवार. तिचं कूमाचं काम संपलं होतं. आईकडे जेवायला तिला घेऊन येत होतो, पहिल्यांदाच. नुसत्या टी-शर्टमध्येही घाम येत होता इतकं ऊन. वाटेत मिकलेगो गावाच्या अलीकडे ती म्हणाली, "मेलबर्नच्या नोकरीची ऑफर मी घेतली." मी म्हटलं, "मग मीही येतो."

"आणि तिथे काय करशील?"

"तिथे काय वेअरहाऊस नाहीत?"

"अरे, कूमाला आलास माझ्यामागे, आता तिकडे. स्वतःचं म्हणून काही करणार आहेस की नाही?"

"स्वतःचं? तूच तर माझं..."

"हे नको. प्लीज. हे फिल्मी नको."

माझा पाय ॲक्सिलरेटरवर होता, राग आला की तो आपोआप खाली जातो. पुढे रस्त्याचं काम चाललं होतं, नारिंगी जॅकेटमधला माणूस स्टॉपचा बोर्ड धरून उभा, त्याच्यासमोर कॅरव्हॅन, म्हणजे चाकांवरची खोली, ओढणारी एक गाडी थांबलेली. मी ब्रेक मारला. जुलैमध्ये तेवढा ब्रेक पुरेसा होता. आता गाडी थांबेचना. पुढे पुढेच जात राहिली, चाकांखालून चिखल सरकावा तशी, आणि मी स्टिअरिंग डावीकडे घेतलं तर ती नेहमीसारखी क्षणभर विचार करत बसली. मग वळली, खडीत शिरली आणि कॅरव्हॅन ओढणाऱ्या त्या गाडीच्या बाजूला जाऊन थांबली. आत बसलेल्या बाईचा चेहरा मला खिडकीतून दिसत होता. बोर्डवाला माणूस मागे उडी मारून शिव्या देत होता. माझ्या शेजारी तिने माझा दंड इतका घट्ट धरला होता की अजून वळ आहे.

पुढच्या पेट्रोल पंपावर ती उतरली. टायरपाशी खाली बसली आणि अंगठ्याने दाबून बघितलं. "हे काय आहे? खोडरबर?"

"विंटर टायर. सेफ असतात."

"कुणी सांगितलं?"

"बाबांनी."

तिने टायरवरचा अंगठा काढला. तू गेलेला आहेस हे तिला माहीत आहे. मग उठली, हात झटकले आणि म्हणाली, "थंडी संपली, मेट." ती मला कधी मेट म्हणत नाही. बाकीचा रस्ता तिने गाडी चालवली, अगदी हळू, आणि मागून हॉर्न मारणाऱ्यांना हात करत राहिली.

आईच्या टेबलावर तिने सगळं सांगितलं. आई वरणावर तूप वाढता वाढता थांबली आणि चक्क हसली. "अगदी बापावर गेलाय." मग हसू ओसरलं तशी म्हणाली, "यांचं ते थंडीचं वेड काच तडकली म्हणून नव्हतं रे. त्याच थंडीत तुला शाळेत सोडताना गाडी बर्फावर गरकन फिरली होती, पार उलट्या तोंडाने उभी राहिली. तू मागे गेम खेळत होतास, तुला कळलंही नाही. घरी आले ते बूटही न काढता किल्ली मुठीत धरून जमिनीवरच बसले. मला म्हणाले, पोराला सांगू नकोस. मग टायर आले. मी किती सांगितलं, उन्हाळ्यात काढा. म्हणायचे, काढले आणि घालायच्या आधीच थंडी आली तर?"

मी ताटावरून उठलो. बाहेर ड्राइव्हवेवर गेलो आणि त्या टायरला लाथ मारली, पायच दुखला. का नाही सांगितलंस? "घाबरलो होतो" एवढे दोन शब्द. त्याऐवजी "ज्यातलं कळत नाही त्यात बोलू नये." तुझी भीती मला अक्कल म्हणून दिलीस आणि मी ती पैसे मोजून चारही चाकांना लावली. आणि रस्त्याची एवढी काळजी करणारा तू, छातीत दुखत होतं तेव्हा "ॲसिडिटी आहे" म्हणत जिरं चावत बसलास. तेव्हा कुठे गेली होती तुझी काळजी? डॉक्टरकडे जायला कुठला टायर लागत होता? आम्ही काय करायचं होतं तुझ्या कानटोप्यांचं?

ती माझ्यामागे बाहेर आली. म्हणाली, "टायर बदल. मग मेलबर्नला ये. पण येऊन काय करायचंय ते ठरवून ये. मी आहे म्हणून येऊ नकोस."

"तू नसशील तर मी तिथे येऊ कशाला?"

"तेच ठरव." आणि आत जाऊन आईबरोबर भांडी पुसायला लागली. आईने तिला सगळं तूप संपवायला लावलं म्हणे. काल ती मेलबर्नला गेली.

आज सकाळी टायर बदलले. साधे, या हवेचे. दुकानातून येताना गाडी पहिल्याच वळणावर इतकी चटकन वळली की मी दचकलो. इतकी वर्षं मला वाटत होतं, गाड्या अशाच उशिरा ऐकतात. युनिच्या ऑफिसलाही फोन केला, परत यायचं असेल तर काय करावं लागतं, मेलबर्नला बदलून घेता येतं का. त्या बाईने नीट सांगितलं, मी ओरडलोही नाही. आईने डब्यात दशम्या भरल्यात. बॅग डिकीत आहे. ह्यूम हायवे आज कोरडा आहे, आकाश साफ आहे.

हे तुला पोचणार नाही, माहीत आहे, म्हणूनच एक सांगतो. आईला मी म्हटलं, ते लिंबूबिंबू काही नको, तो बाबांचा वेडेपणा होता. आणि मग ती देवापाशी बसली तेव्हा फ्रीजमधून चार लिंबं काढली आणि गाडीखाली वाकून चारही चाकांपुढे ठेवली. किल्ली लावली, सीटवर बसलो, मेलबर्नला मला दारात बघून ती काय म्हणेल ते मनात दहादा म्हणून बघितलं, आणि मग उतरून इथे पायरीवर येऊन हे लिहायला घेतलं. आईने खिडकीतून विचारलं, "निघालास का रे?" मी म्हटलं, "हो, निघालोच."

लिंबं अजून अख्खी आहेत, बाबा.