उरलेली बाटली

नागपूर

सौ. कामिनीस,

देवाच्या दयेने मी बरा आहे. तुझे गुडघे कसे आहेत? फोनवर वैदेही जवळच असते, म्हणून लिहितो. पोरीचं मन त्या उन्मेषवर बसलं आहे, पण माझं बसत नव्हतं.

एकादशीच्या सकाळी मी न कळवता हुडकेश्वरला त्याच्या घरी गेलो. आपला होऊ घातलेला जावई खिडकीपाशी वाइनचा ग्लास हुंगत उभा! घोट घेतला, तोंडात घोळवला आणि वाटीत थुंकला. कपाटात रिकाम्या बाटल्या पुसून मांडलेल्या. मला तुझा भाऊ आठवला.

“काहून गा, सकाळीच?” मी विचारलं.

“वाइन पारखाचा छंद आहे जी. सकाळी जिभेले चव चांगली कळते, काकाजी. तुम्ही माळकरी, नुसता वास घ्या जी.”

घेतला. विहिरीवरच्या जांभळाखाली उभं राहिल्यासारखं वाटलं. पोरगा मला गोड वासाने भुलवतो आहे, असाही संशय आला.

म्हणून शनिवारी संध्याकाळी पुन्हा अचानक गेलो. चार मित्र एका बाटलीवर भांडत होते. एक म्हणे, मनुकांची चव आहे. उन्मेष म्हणे, “अबे, चिंच आहे चिंच!” मी कोपऱ्यात बसून प्रत्येकाचे डोळे आणि पाय निरखत राहिलो. मग त्यांनी बूच लावलं आणि जेवायला बसले. बाटलीत निम्मी वाइन तशीच होती.

कामिनी, तुझ्या भावाच्या घरी उरलेली बाटली आपण कधी पाहिली का?

तरी चार दिवस देवापुढे बसून विचार केला. आज उन्मेषच्या वडिलांच्या हाती होकाराचा नारळ देऊन आलो. वैदेहीला तूच सांग.

तुझा,
वामन