नाही आलात तरी चालेल

बाई,

या आठवड्यात मी आठवीला ‘मे’ शिकवायला घेतलं. परवानगीचं ‘मे’ आणि शक्यतेचं ‘मे’, दोन्ही एकाच धड्यात. पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, “मिस, परवानगी आणि शंका एकाच शब्दात कशा काय राहतात?” आता मुलं आम्हाला बाई म्हणत नाहीत, मिस म्हणतात. मी तिला म्हटलं, विचार करून सांगते. हाच प्रश्न आमच्या वर्गात एकदा उभा राहिला होता आणि त्यात तुमची नोकरी जायची वेळ आली होती, हे मी तिला सांगितलं नाही. पण तेव्हापासून तुम्ही डोक्यातून जात नाही आहात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की तुमच्याशी बोलायचं तर ते असंच बोलावं लागणार.

तुम्ही मालाडला आमच्या शाळेत आलात तेव्हा मी नववीत होते. शाळा मराठी माध्यमाची, इंग्रजी पाचवीपासून, आणि नववीत आलो तरी इंग्रजीचा तास सुरू झाला की आम्ही सगळे वहीत तोंड खुपसून बसायचो. तुमच्या आधीचे सर उत्तरं सांगायचे, आम्ही उतरवून घ्यायचो. तुम्ही पहिल्याच आठवड्यात खडू टेबलावर ठेवलात, खाली आलात आणि एका मुलाला विचारलंत, “मे आय सिट हिअर?” तो गोंधळला. तुम्ही उभ्याच राहिलात. शेवटी तो म्हणाला, “येस, यू मे,” तेव्हा त्याच्या शेजारी बसलात. मग दुसऱ्या बाकाशी, मग तिसऱ्या. मागच्या बाकावरचा एक आगाऊ मुलगा म्हणाला, “नो, यू मे नॉट.” आता याची काही खैर नाही, असं आम्हाला वाटलं. तुम्ही त्याला “ऑल राइट” म्हणालात आणि खरंच पुढच्या बाकाकडे गेलात. कोणी मोठं माणूस आम्हाला काही विचारतंय आणि आमच्या ‘नाही’ला मान देतंय, हे आम्ही तोवर बघितलं नव्हतं. त्या दिवशी मधल्या सुट्टीत वर्गभर ‘यू मे, यू मे नॉट’ चाललं होतं.

मग तो शुक्रवार. दुसऱ्या दिवशी बसचा संप होणार असं सगळीकडे बोललं जात होतं. शेवटचा तास तुमचा. तुम्हाला शक्यता शिकवायची होती आणि उदाहरण आयतंच समोर आलं होतं. तुम्ही फळ्यावर लिहिलंत: उद्या संप ‘मे’ होईल. बस ‘मे नॉट’ येतील. आणि तिसरं वाक्य, ‘यू मे नॉट कम टुमॉरो.’ तेवढ्यात घंटा झाली. आम्ही वाक्यं उतरवली आणि घरी गेलो.

रात्री जेवताना मी ते वाक्य माझ्या वडिलांना विचारलं. ते फोर्टात एका कचेरीत हेडक्लार्क होते, त्यांचं अख्खं इंग्रजी साहेबांच्या शेऱ्यांवर पोसलेलं. ते म्हणाले, “मे नॉट म्हणजे नकार. साहेब असं लिहितात तेव्हा अर्ज परत गेला असं समजायचं. बाईंनी येऊ नका म्हणून सांगितलंय.” मला बरंच वाटलं. शनिवारी सकाळी मी उशिरापर्यंत लोळत पडले होते आणि खालून बस नेहमीसारख्या जात होत्या. संप झालाच नव्हता.

सोमवारी शाळेत गेले तर सगळीकडे कुजबुज. तपासणीला सोमवारी येणार म्हणून कळवलेले निरीक्षक शनिवारीच आले होते. पहिला तास तुमचा, आणि अर्ध्याहून जास्त बाकं रिकामी. हे मला शेजारी बसणाऱ्या माझ्या मैत्रिणीने सांगितलं. ती मनोरीची, कोळ्यांची मुलगी. रोज खाडी ओलांडून मार्व्याला यायची आणि तिथून बसने शाळेत. ती म्हणाली, “मुख्याध्यापक विचारतायत, बाई, वर्ग कुठाय? आणि तो निरीक्षक फळ्याकडे बघतोय. शुक्रवारचं ते वाक्य तसंच होतं ना वर, कुणी पुसलंच नव्हतं. त्याने विचारलं, हे तुम्ही लिहिलंत? बाई हो म्हणाल्या. म्हणाल्या, मुलांचा दोष नाही, वाक्य माझं आहे.”

“मग तू कशी आलीस?” मी विचारलं.

“मला वाटलं, नाही आलात तरी चालेल असं म्हणतायत. तर म्हटलं जाऊया. घरी राहिले असते तर आयने सुकट निवडायला बसवलं असतं.”

तुम्ही अजून कायम झाला नव्हतात. ते आम्हाला नंतर कळलं. त्या सोमवारी तुम्ही वर्गात आलात तेव्हा चेहरा ओढलेला होता, पण रागावला नव्हतात. कोण आलं नाही हे विचारलंच नाहीत. तिसरं वाक्य पुन्हा फळ्यावर लिहिलंत आणि विचारलंत, “याचा अर्थ तुम्ही काय लावलात? खरं सांगा. मला माहीत करून घ्यायचंय.” मी वडिलांचं सांगितलं, येऊ नका. पुढचा एक मुलगा म्हणाला, कदाचित तुम्ही येणार नाही. माझी मैत्रीण म्हणाली, नाही आलात तरी चालेल. तुम्ही तिन्ही मराठी वाक्यं एकाखाली एक लिहिलीत आणि किती तरी वेळ त्यांच्याकडे बघत उभ्या राहिलात, जणू तुम्हीही ती पहिल्यांदाच बघत होतात. मग माझ्याकडे वळून म्हणालात, “तुझ्या वडिलांचं बरोबर आहे. हिचंही बरोबर आहे. मला म्हणायचं होतं तेही बरोबर आहे. म्हणून तर वर्ग रिकामा राहिला.” आम्ही हसलो. तुम्हीही हसलात, थोड्या उशिराने.

दुसऱ्या दिवसापासून नववीचं इंग्रजी तुमच्याकडून काढलं. तुम्हाला पाचवी दिली आणि आमच्याकडे जुने सर परत आले, जुनी उत्तरं घेऊन. तुम्ही जिन्यात भेटायचात, हसायचात, थांबायचा मात्र नाहीत. एक दिवस मैत्रीण म्हणाली, “आपण मुख्याध्यापकांकडे जाऊया. इंग्रजीतनं मागूया बाईंना.” तिच्या डोक्यात एकदा काही आलं की ते व्हायचंच. ऑफिसबाहेर उभं राहून आम्ही भांडलो. मी म्हणत होते ‘मे वुई’, ती म्हणत होती ‘कुड वुई’.

“मे म्हटलं की तो नाही म्हणेल,” ती म्हणाली. “कुड मऊ आहे. बाईंनीच सांगितलंय.”

“पण कुड म्हणजे शक्य आहे का, असं होतं.”

“मग शक्य आहे का तेच तर विचारायचंय ना गं.”

आत गेल्यावर तिने विचारलं, “सर, कुड वुई हॅव अवर बाई बॅक?” मुख्याध्यापकांनी चष्मा काढला. वाक्य तिला पुन्हा म्हणायला लावलं. तिने म्हटलं, तितक्याच ठामपणे. मग ते मराठीत म्हणाले, “बघू. जा वर्गात.” त्यांच्या ‘बघू’चा अर्थ आम्ही दिवाळीपर्यंत लावत बसलो. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी दारातून तुम्ही आत आलात. आमच्या जाण्यामुळे आलात की जुने सर कंटाळले म्हणून, ते मला आजही माहीत नाही. तुम्ही कायम झालात आणि त्याच शाळेतून निवृत्त झालात, एवढं माहीत आहे. तुम्ही गेल्याचं मला त्या मैत्रिणीनेच फोन करून कळवलं होतं. ती तेव्हा बोरिवलीला बँकेत होती.

त्या मुलीला मी उद्या काय सांगू, याचा विचार करतेय. मला वाटतं, जो परवानगी देतो तो पुढचं दार उघडं ठेवतो आणि मग कोण येईल कोण नाही हे त्याच्या हातात राहत नाही, म्हणून शब्द एकच असेल. हे व्याकरण नव्हे, ते मला कळतं. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, छान आहे, पण पुस्तकात बघितलंस का? आणि मग आपण दोघींनी मिळून बघितलं असतं. एक मात्र मला फार विचारावंसं वाटतं. शुक्रवारी ते वाक्य लिहिताना, मनाच्या थकलेल्या एखाद्या कोपऱ्यात, उद्या कोणी नाही आलं तर बरं, असं तुम्हालाही वाटलं होतं का? आता माझ्याही हातून असे शुक्रवार गेलेत, म्हणून विचारते.

हे पत्र मी आधी इंग्रजीत लिहायला घेतलं होतं. तुमच्या विद्यार्थिनीने तसं लिहावं असं वाटलं. दोन ओळींपुढे जाईना. तुमची इंग्रजी वाक्यं मला सगळी पाठ आहेत, बाई, पण ती बोलतानाचा तुमचा आवाज आठवत नाही. आठवतो तो मराठीतला. मुलं एकदम बोलायला लागली की तुम्ही हात वर करून म्हणायचात, “एकेक जण, एकेक जण, मला सगळ्यांचं ऐकायचंय.”