सगळ्यांचे श्वास वीस

मॅडम, आज तुमचंच वाक्य मी एका मुलीला ऐकवलं, तुम्हाला न विचारता. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची आहे, मेडिसिनच्या पुरुष वॉर्डात तिची पोस्टिंग नुकतीच सुरू झालीय. तिच्याकडे बारा पेशंट होते आणि बाराही जणांच्या तक्त्यावर श्वास मिनिटाला वीस. मी म्हटलं, "काय गं, या वॉर्डात समदे एकाच मापानं श्वास घेतात व्हय?" ती खाली मान घालून उभी राहिली. त्याच वॉर्डात मीही तशीच उभी होते, तुम्हाला आठवत असेल.

मी देवगाव रंगारीहून आलेली, कडक इस्त्रीच्या युनिफॉर्मात स्वतःवरच खूष. ताप घेतला, बीपी घेतलं, नाडी मोजली. श्वासाला मात्र पेशंटमागं अख्खं मिनिट जातं, आणि एका सीनियर मुलीनं कानात सांगितलं होतं, वीस लिहून टाक, कुणी बघत नाय. तुम्ही बघत होता. मी सबब सांगितली की माझ्या घड्याळाला सेकंदकाटाच नाही. तुम्ही मला नऊ नंबरच्या खाटेशी नेलंत. तिथं वाळूजच्या कंपनीतला एक कामगार होता, दोन दिवसांच्या तापाचा, उशाशी बायको बसलेली. तुम्ही स्वतःचं घड्याळ काढून माझ्या हातात देता आणि हळूच सांगता, "नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही. नजर छातीवर ठेवायची. श्वास मोजतोय हे पेशंटला कळलं, की तो वेगळा श्वास घ्यायला लागतो." मी मोजते, छत्तीस. चुकलं असेल म्हणून पुन्हा मोजते, अडतीस. तोवर तुम्ही डॉक्टरांना हाक मारलेली असते आणि ऑक्सिजन खाटेशी आलेला असतो.

न्यूमोनिया निघाला. माणूस वाचला. घरी जाताना त्याच्या बायकोनं मला हात जोडले, जिनं वीस लिहिलं होतं तिलाच. तेवढी लाज मला नंतर कधी वाटली नाही. तुम्ही एवढंच म्हणालात, "तुझ्या आकड्यावर डॉक्टर औषध लिहितो. आळस आला तर बसून घे, पण मोज." घड्याळ परत द्यायला आले तर घेतलं नाहीत. आजही तेच माझ्या हातात आहे, पट्टा चार वेळा बदललाय.

मी आता चांगली नर्स आहे, मॅडम, आणि शिकवतेही चांगलं. हे तुमच्यासमोर म्हणायला मला संकोच वाटत नाही. माझ्या हाताखालून गेलेली मुलगी न मोजता आकडा लिहीत नाही, याची मी खात्री देते. आजच्या मुलीनंही बाराच्या बारा पेशंटचे श्वास पुन्हा मोजले, तिचा चहा बुडाला. एकाचे तीस भरले तेव्हा ती स्वतःच डॉक्टरांकडे धावली. नंतर तक्ता माझ्यापुढे ठेवून तिनं विचारलं, "मॅडम, तुम्ही कधी लिहिलंय का असं, न मोजता?" मी तिला नऊ नंबरच्या खाटेची सगळी गोष्ट सांगितली, थोड्या ऐटीतच. "एकदाच," म्हणाले, "त्यानंतर नाय."

ती खूष होऊन गेली. मी मात्र तिथंच बसून राहिले. श्वासांचा खोटा आकडा मी आणखी एकदा सांगितला होता आणि तो तुम्हालाच. हे पत्र कुठं जायचं नाही, म्हणून लिहिते. तुमचं शेवटचं आजारपण, गारखेड्यातलं तुमचं घर, दुपारची वेळ, खिडकीजवळ टाकलेली तुमची खाट. मी तुमचं मनगट धरलं, नाडी मोजली आणि हात सोडला नाही. ही युक्ती मला तुम्हीच शिकवलेली. मी काय करतेय हे तुम्हाला कळणारच होतं. मिनिट संपल्यावर तुम्ही विचारलंत, "किती गं?"

"वीस," मी म्हटलं.

तुम्ही डोळे मिटलेत आणि म्हणालात, "पुन्हा मोज." मी तुमचा हात पांघरुणात ठेवला आणि चहा करायला उठले. मोजलेला आकडा बरोबर होता, मॅडम, पुन्हा मोजायची गरज नव्हती. बेचाळीस होते.