मंगळवारचं खाजगी कोचिंग

२ मार्च, शनिवार
वही नवीन आहे, म्हणून सगळं नीट लिहितोय. आज टिटवीच्या सॉफ्टबॉल टीमच्या पालकांची मीटिंग. (टिटवी: माझी मुलगी, वय बारा. लहानपणी दिवसभर कलकलाट करायची म्हणून मीच हे नाव ठेवलं. हल्ली फारशी बोलत नाही.)

एका आईने विचारलं, मुलींना खाजगी कोचिंग लावायला हवं का? कोचबाई म्हणाल्या, मुळीच नको. नीट झोपू द्या, पोटभर खाऊ द्या, घरी भिंतीवर चेंडू मारू द्या आणि मैदानाबाहेरून ओरडू नका. शेवटचं वाक्य म्हणताना माझ्याकडे बघत होत्या. योगायोग.

सर्वसाधारण मुलींच्या बाबतीत त्यांचं बरोबरच आहे. टिटवी सर्वसाधारण नाही. तिला पिचर, म्हणजे चेंडू फेकणारी, व्हायचंय (मागच्या वर्षी एकदा म्हणाली होती).

ठरलं. खाजगी कोचिंग. कोच: मी. सॉफ्टबॉल कधी खेळलेलो नाही, त्यामुळे चुकीच्या सवयीही नाहीत.

३ मार्च, रविवार
टिटवीच्या आईला फोन. कोर्टाने मला महिन्यातले दोन शनिवार दिलेत. त्यावर मंगळवारची संध्याकाळ मागितली. केवळ खेळासाठी, हे तीनदा सांगितलं. ती म्हणाली, तू कधी खेळलायस का? म्हटलं, प्रश्न तो नाही. शेवटी म्हणाली, तिला विचारते.

टिटवी हो म्हणाली. मुलीत जिद्द आहे.

खरेदी: चेंडू सहा. ग्लोव्ह एक. बादली एक (कोच बादली पालथी घालून त्यावर बसतात, व्हिडिओत पाहिलं). पिवळा कप एक. कप कोचिंगमध्ये मोडत नाही, पण सराव झाल्यावर कोको प्यायला ती घरी येईलच.

५ मार्च, मंगळवार
पहिलं सेशन. जागा: ऑफिसमागचं पार्किंग. साडेसहानंतर रिकामं असतं. जागेला उतार आहे, हे मी आधीच हेरलं होतं. वरच्या टोकाला, भिंतीला पाठ लावून मी बादलीवर. खालच्या टोकाला टिटवी. माझ्या हातून सुटलेला चेंडू भिंतीवर आपटून गडगडत तिच्याकडे परत. सगळेच सुटले. वेळेची प्रचंड बचत.

पिचिंग म्हणजे हात खांद्यातून पूर्ण गोल फिरवून चेंडू कमरेखालून सोडायचा. करून दाखवलं. चेंडू मागे गेला. म्हटलं, हे असं करायचं नाही. टिटवी हसली. मोठ्याने. वेळ ६.५२.

१२ मार्च, मंगळवार
दुपारी ऑफिसात एका काकूंचा फोन. कुठे लिफ्ट अडकली की लोक मला फोन करतात आणि मी सांगतो, घाबरू नका, माणूस निघालाय. माणूस बहुधा जेवत असतो. तोवर काकूंना बोलतं ठेवायचं म्हणून विचारलं, खेळाडू मुलींना खाजगी कोचिंगची गरज असते असं वाटतं का तुम्हाला? त्या म्हणाल्या, आधी मला बाहेर काढा.

संध्याकाळी उत्तम प्रगती. टिटवीचे चेंडू बरोबर माझ्या छातीच्या उंचीवर येतायत. एक तर मी पकडलासुद्धा.

नंतर म्हटलं, चल कोको प्यायला. पण तिची आई गाडीत थांबली होती. हरकत नाही, पुढच्या वेळी. कप धुऊन ठेवला.

१६ मार्च, शनिवार
हक्काचा शनिवार. विचारलं, टीममध्ये पिचिंग कसं चाललंय? म्हणाली, छान. एवढंच. मोठे खेळाडू मोजकंच बोलतात.

१९ मार्च, मंगळवार
दुसराच चेंडू अंगठ्यावर बसला. डोळ्यांपुढे काजवे. टिटवी धावत जाऊन वॉचमनच्या केबिनमधून बर्फ घेऊन आली. अंगठा धरून बसली. म्हणाली, बाबा, आज नुसतंच बसायचं का? गप्पा मारू.

म्हटलं, शिस्त म्हणजे शिस्त. सेशन वाया जाऊ नये म्हणून चाळीस मिनिटं थिअरी घेतली. मनगटाचे कोन. तिने मन लावून ऐकलं, निदान मान तरी हलवली.

२६ मार्च, मंगळवार
अंगठा अजून जांभळा. तरीही सेशन घेतलं. मध्येच तिने विचारलं, बाबा, बाकीच्या दिवशी तू संध्याकाळी काय करतोस? म्हटलं, तुझ्या पिचिंगचे तक्ते. म्हणाली, बुधवारी? म्हटलं, तक्ते. गुरुवारी? तेच. मग तिने पुढचं विचारलं नाही आणि अर्धा तास जास्त सराव केला. स्वतःहून! जिद्द म्हणतात ती हीच.

३० मार्च, शनिवार
हक्काचा शनिवार रद्द. मैत्रिणीचा वाढदिवस. हरकत नाही, मंगळवार आहे ना. खोली झाडली. दुसऱ्या खुर्चीवरचे कपडे काढले, घड्या केल्या, पुन्हा खुर्चीवर ठेवले.

६ एप्रिल, शनिवार
पहिली मॅच. नऊची होती, मी आठलाच हजर. पिचिंगला दुसरीच मुलगी. लक्षात आलं, हुकमाचा एक्का शेवटी काढतात. टिटवी पार मागे, कुंपणाजवळ, आउटफिल्डला. मी मैदानाबाहेरून ओरडून तिला मनगट सैल ठेवायला सांगत होतो. तिने वळून पाहिलं नाही.

मग एक उंच फटका तिच्या दिशेने गेला. टिटवी मागे मागे पळत सुटली आणि डोक्यावरून जाणारा चेंडू तिने उडी मारून पकडला. सगळे उभे राहिले. मी तर बाकावर चढलो. ती हसत होती, तशी मी तिला कित्येक दिवसांत पाहिली नव्हती.

पण एक्का काही निघाला नाही. मॅच संपल्यावर कोचबाईंना जाब विचारला. त्या म्हणाल्या, अहो, तीन आठवडे झाले, ती आउटफिल्डलाच असते. पिचिंगला तिचा प्रत्येक चेंडू बॅटिंग करणारीच्या डोक्यावरून जायचा. चढावर उभ्या असलेल्या माणसाला फेकावा तसा. कुठून शिकली कोण जाणे.

म्हटलं, खरंच, कोण जाणे.

त्यांनी विचारलं, खाजगी कोचिंग वगैरे लावलं नाही ना? म्हटलं, छे.

७ एप्रिल, रविवार
टिटवीच्या आईला फोन. मुलीने मला अंधारात ठेवलं, वगैरे सुरुवात केली. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, आउटफिल्डला ती खूश आहे. मंगळवारी टीमच्या सगळ्या मुली एकीच्या घरी जमतात, ही तेवढी जात नाही. तुझ्याकडे येते.

विचारलं, पिचिंग सोडलं, तर येते कशाला?

ती म्हणाली, तुला खरंच कळत नाही का रे? मला म्हणाली, बाबाला सांगू नकोस, त्याला दुसरं कुणी नाहीये.

बारा वर्षांची पोर आठवड्यातून एकदा मला सांभाळायला येत होती आणि मी तिला मनगटाचे कोन शिकवत होतो. लाज वाटली. आणि ही वही कुणी वाचत नाही म्हणून लिहितो, थोडं बरंही वाटलं. त्याची जास्त लाज वाटली.

९ एप्रिल, मंगळवार
टिटवीला सांगितलं, कोर्स पूर्ण झाला. तुला आता खाजगी कोचिंगची गरज नाही. मला कळलंय, हे सांगितलं नाही. फक्त म्हटलं, तो कॅच फार सुंदर होता.

ती नको म्हणेल, हट्ट करेल, म्हणून तीन मुद्दे तयार ठेवले होते. त्यातला एकही लागला नाही. ती म्हणाली, खरंच? मग म्हणाली, तुला चालेल ना, बाबा? म्हटलं, अगं, माझी कितीतरी कामं पडून आहेत.

घट्ट मिठी मारली तिने. मग लगेच मैत्रिणीला फोन लावला, मी येतेय म्हणून. वळणापर्यंत धावत गेली. ६.४० झाले होते. मी बरोबर वागलो. मला खूप वाईट वाटतंय.

१६ एप्रिल, मंगळवार
साडेसहाला पार्किंगमध्ये गेलो. पाय आपोआप वळले. वॉचमनने विचारलं, आज मुलगी नाही आली, साहेब? म्हटलं, तिला आता गरज नाही. तो म्हणाला, मग तुम्ही?

म्हटलं, मी गाडी काढायला आलोय.

त्याने एकदा त्या रिकाम्या पार्किंगकडे पाहिलं. जाऊन फाटक पूर्ण उघडलं, गाडी निघेल एवढं, आणि मी चालत बाहेर पडेपर्यंत तसंच धरून उभा राहिला.