फाटकावरचे हात

माय,

"माल हरवला का मानूस सापडतेच," असं तू एकदा म्हणाली होतीस. चुलीपुढे बसून, भाकर थापता थापता. कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या फाटकावर घरी जाणाऱ्या बायांची झडती घ्यायचं तुझं काम होतं, आणि त्या दिवशी एकीच्या ओच्यात मूठभर कापूस निघाला म्हणून तिला कामावरून काढलं होतं. मी बाळंतपणाला माहेरी आलेली. मूठभर कापसानं शेठचं काय जाते, असं मी विचारलं. तू तेवढं एक वाक्य बोललीस आणि भाकर उलटलीस.

फाटकावरून आलीस की तू आधी मोरीवर जायचीस. चुलीतली राख घेऊन कोपरापर्यंत हात घासायचीस, आणि मगच नातीला मांडीवर घ्यायचीस. मला वाटायचं, तुला त्या बायांची किळस येते. मला ते आवडायचं नाही, कारण त्या आपल्याच गल्लीतल्या होत्या, आपल्याच नळावर पाणी भरायच्या. मग एका सकाळी कोपऱ्यावरची मावशी विरजण मागायला आली. तीही तिथंच कापूस निवडायला होती. दार तू उघडलंस. तुला समोर पाहिलं आणि झडतीला जातात तसे तिचे दोन्ही हात वर गेले, वाटीसकट. दोघी तशाच उभ्या. शेवटी मावशीच हसली. म्हणाली, "घ्या बाई, वाटीबी तपासून घ्या." तू हसली नाहीस. विरजणाला चमचाभर दही पुरतं, तू वाटी काठोकाठ भरून दिलीस. आणि त्या दिवशी कामावर जायच्या आधीच राखेनं हात धुतलेस. तेव्हा मला कळलं, की किळस त्या बायांची नव्हती.

आता मी त्याच जिनिंगच्या ऑफिसात आहे. तू गेल्यावर घर चालवायला धरलेली नोकरी, अजून सुटली नाही. कॉम्प्युटर आला तसा मीच शिकले. तुझ्या वेळी दाबून बांधलेल्या कापसाच्या गाठींवर काळ्या शाईनं मार्का मारायचे आणि वॅगनला शिशाचं सील लावायचे. आता प्रत्येक गाठीवर रेघारेघांची चिठ्ठी असते, तिच्यावर यंत्र धरलं की गाठ कुठल्या प्रेसवर, कुठल्या पाळीत बांधली ते पडद्यावर येतं. कंटेनरच्या सीलला नंबर. ट्रक इथून, आदिलाबादहून निघाला, बंदरात पोचला, बोटीवर चढला, सगळं मी खुर्चीत बसून सांगू शकते. खरं सांगते, मला याचं कौतुक होतं. वाटायचं, मालाचा असा पक्का पत्ता लागला, तर आता फाटकावर कुणाच्या अंगाला हात लावायची गरज उरणार नाही.

गेल्या आठवड्यात परदेशातून एक पाकीट आलं. तिकडच्या गिरणीत आपली गाठ फोडली तेव्हा आतून निघालेली वस्तू त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून परत पाठवली होती, गाठीची चिठ्ठी सोबत. लाल लुगड्याच्या फडक्याची घडी. प्रेसखाली दबून पापडासारखी झालेली, मधोमध तपकिरी डाग. ती काय आहे हे बाईमाणसाला सांगावं लागत नाही. शेठच्या मुलानं, छोट्या शेठनं ती पेन्सिलीनं ढकलत टेबलावर फिरवली, ऑफिसातले बाकीचे माना वळवून हसले, एकानं नाकाला रुमाल लावला. आणि मी चिठ्ठीवर यंत्र धरलं. पडद्यावर लगेच पाळी आली. कुठं काही चुकलं नाही, माय. सातासमुद्रापलीकडून ते फडकं बरोबर आपल्या दारी आलं.

त्या पाळीतल्या बाया कापसाच्या ढिगापुढे ओळीनं उभ्या केल्या. कोणाचं आहे, म्हणून विचारलं. पिशवी एकेकीच्या तोंडासमोर धरली. एक पोरगी जमिनीकडे बघत होती, तिचे कान लाल झाले होते. तेव्हा कोपऱ्यावरची मावशी पुढे आली, तीच, आता केस पांढरे झालेत. म्हणाली, "बायाईले आडोसा कुठं हाय शेठ? आमी ढिगामागं जातो. काऊन जातो, ते तुमाले नाई समजत का?" आडोसा खरंच नाही. तुझ्या वेळीही नव्हता. गाठीला चिठ्ठी आहे, कंटेनरला सील आहे, बायांना दार असलेला एक संडास नाही. मी तेच छोट्या शेठला म्हणाले. तो हिंदीत बोलतो, हळू आणि गोड. "मॅडम, पहले माल का सोचो." मग त्यानं हुकूम सोडला, आता येताना-जाताना दोन्ही वेळा बायांची झडती होईल, रंगीत चिंधीसुद्धा आत जाणार नाही, ज्यांचे दिवस चालू असतील त्यांना परत पाठवायचं, आणि हे सगळं मी बघायचं. तुमची आईही हेच करायची ना, असं विचारून तो म्हणाला, आत्तापासूनच सुरू करा.

मी एक पाऊल पुढे टाकलं. का टाकलं, मला ठाऊक नाही. आणि मावशीचे दोन्ही हात वर गेले.

ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या मागे कुठंतरी बघत होती. मला त्या फडक्याची घाण वाटली नाही, पेन्सिलीची वाटली, रुमालाची वाटली, माझ्या हातातल्या त्या यंत्राची वाटली. "उद्या सांगते," एवढंच बोलून मी घरी आले. घरी गॅस आहे, राख नाही. साबणानं हात धुतले, पुन्हा धुतले. मी कोणाला शिवलेसुद्धा नव्हते.

उद्या मी नाही म्हणणार आहे. नोकरी जाईल. तुझ्या नातीचं कॉलेज अर्ध्यात आहे, तिला अजून काही सांगितलं नाही. फाटकावर दुसरी कोणी उभी राहील, हेही मला कळतं. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, घडी करून पिठाच्या डब्याखाली ठेवीन. पण मी भ्याले आहे, म्हणून मागते. उद्या सकाळी फाटकाशी एवढंच माझ्या बाजूनं उभी राह्य आणि म्हण, की नको करू हे काम.

तू तसं म्हणणार नाहीस. तू राखेचं टोपलं पुढं सरकवशील आणि म्हणशील, "नोकरी सोडू नको बाई. हात काय, धुता येते."