कोल्बीचे खांदे आणि दादाचा गुडघा

व्हेस्ना, नेब्रास्का
१५ ऑक्टोबर

आदरणीय एल्डनदादास,

धाकट्या मार्विनचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार (ज्या पायाचा गुडघा बदलला तो वगळून, त्याला लांबूनच). मर्नावहिनींना सांग, ॲरिझोनाचा खजूर पोहोचला. अर्धा डबा आम्ही संपवला आणि अर्धा आमच्या सौ. डेनीसने शेजारी वाटून स्वतःचं नाव करून घेतलं. वहिनी फोनवर म्हणाल्या, की शस्त्रक्रियेनंतर तू गुडघ्याबद्दल एका शब्दानेही कुरकुरला नाहीस. ऐकून फार बरं वाटलं. इकडे सगळे खुशाल. मका निम्मा कापून झालाय आणि आपल्या शाळेचा फुटबॉल संघ यंदा सहाच्या सहा सामने जिंकलाय. जिल्ह्याच्या पेपरात माझा फोटोही आला, तो सोबत जोडतोय. त्यात मी आनंदात आहे असं फोटोखाली छापलंय ते बरं झालं, नाहीतर कळलं नसतं.

पत्राला तसं खास काही कारण नाही. सहज आठवण आली (कृपया शेवटपर्यंत वाच).

तर चेंडू फेकून खेळ चालवणारा आमचा क्वार्टरबॅक, कोल्बी स्लाविक. धान्याच्या कोठारावर वजनकाटा सांभाळते त्या जोलीनचा मुलगा, म्हाताऱ्या ॲल्विनचा नातू. हात सोन्यासारखा, पण खांदे! फेक चुकली, की दोन्ही खांदे ओल्या टॉवेलसारखे खाली. मग कमरेवर हात, मान वर, आणि आभाळाकडे असं बघणं की जणू चेंडू तिकडूनच पडला. आमच्याकडे संघ आठ जणांचा, त्यामुळे उरलेली सात पोरं याच्याकडे बघतात आणि आणखी सात टॉवेल लोंबायला लागतात. जुलैत मी प्रशिक्षकांच्या शिबिराला गेलो होतो. तिथे टाय लावलेल्या एका गृहस्थांनी दोन तास पटवून दिलं, की संघ क्वार्टरबॅकचं तोंड ऐकत नाही, देहबोली वाचतो. त्यातला एक तास मी झोपलो होतो, पण दुसऱ्या तासाची टिपणं माझ्याकडे आहेत.

ती टिपणं मी कॅफेत वाचून दाखवली तेव्हा ॲल्विन पत्ते पिसत म्हणाला, "मार्विन, पोराचे खांदे पडतात तर पडू दे की रे! त्याचे आहेत ते, शाळेचे नाहीत." सगळे हसले. मला राग आला. (मी हसण्यावारी नेलं असतं तर आज हे पत्र लिहावं लागलं नसतं.)

दुसऱ्या दिवशी मी कोल्बीला जीवशास्त्राच्या वर्गात बोलावलं. सामन्यांचं चित्रण आम्ही तिथेच बघतो, काचेच्या कपाटातल्या सांगाड्याशेजारी. त्याला एकच वाक्य बोललो. "उद्यापासून तुझ्या अंगाकडे बघून कुणाला काही कळता कामा नये." वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि मला आवाज ओळखीचा वाटला. माझा नव्हता तो. कुणाचा ते तुला ठाऊक आहे, पण त्यावर नंतर येतो. कोल्बी म्हणाला, "बरं, सर." पोरगा फार आज्ञाधारक. तिथेच घात झाला.

पुढच्या शुक्रवारी पहिल्याच फेकीला चेंडू समोरच्याने मधेच झेलला आणि पळत जाऊन आमच्या शेवटच्या रेघेपलीकडे टचडाउन केला. कोल्बी उभा होता तसाच उभा. हनुवटी सरळ, हात बाजूला, चेहऱ्यावरची माशीही हलली नाही. मग सावकाश चालत बाहेर आला. मी खूश! दुसऱ्या सामन्यापर्यंत उरलेली सातही पोरं तशीच झाली. तिसऱ्यात बाकावरची. त्या दिवशी समोरचा प्रशिक्षक माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "तुमच्या पोरांना बरं नाही का हो? आमची पोरं घाबरलीत. म्हणतात, ही पापण्या हलवत नाहीत." मी म्हणालो, शिस्त आहे. त्यांचा संघ मध्यंतरानंतर चेंडू पकडायचंच विसरला आणि आम्ही अठ्ठेचाळीस गुणांनी जिंकलो. मला वाटलं, सगळं माझंच कर्तृत्व.

चौथ्या सामन्यात माझं लक्ष प्रेक्षकांकडे गेलं. आपल्या मैदानाला दिवे नाहीत, सामना भर दुपारी दोनला, लख्ख ऊन. कोल्बीने साठ यार्ड पळून टचडाउन केला आणि कुणी उठलं नाही, दादा. तीनशे माणसं मांडीवर घोंगड्या घेऊन, हनुवट्या एका रेषेत. बँडने विजयाची धून शेवटपर्यंत बरोबर वाजवली, पण वाजवणाऱ्या एकाचाही पाय ठेका धरत नव्हता. धून संपल्यावर झेंड्याची दोरी खांबावर आपटत होती, तेवढाच काय तो आवाज. मला थंडी वाजली. कोट घालूनसुद्धा.

मग हे गावभर पसरलं. चर्चच्या सभागृहात कुचेरांच्या मुलीचं लग्न होतं. ॲकॉर्डियनवर पोल्का सुरू झाला आणि जोडपी नाचली, पण फक्त कमरेखाली. वरचे भाग जसे काही दुसऱ्या कार्यक्रमाला आले होते. नवरी तर फिरत्या खुर्चीत बसल्यासारखी गिरक्या घेत होती. कॅफेत पत्ते आपटणं बंद. तुझा जुना मित्र डेल्बर्ट हरला की टेबल उलटं करायचा, तो आता पत्ते नीट रचतो आणि "छान खेळलात" म्हणतो. (डेल्बर्ट! ज्याने पाद्र्याला पत्त्यांवरून धक्का दिला होता!) कोठारावरचा कुत्रा ट्रक आला की दारात बसून राहतो, शेपूट जमिनीवर सरळ ठेवून.

गेल्या मंगळवारी म्हातारा ॲल्विन गेला. झोपेतच गेला. कोल्बीने आजोबांना खांदा दिला आणि ते खांदे इतके समपातळीत होते, की पेटीवरचं एक फूलही हललं नाही. या पोराला पोहायला, बंदूक साफ करायला, ट्रक चालवायला त्या म्हाताऱ्याने शिकवलं होतं.

अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी जोलीन शाळेत आली आणि सांगाड्याशेजारी उभी राहून म्हणाली, "मार्विन, माझा पोरगा दार आपटायचा. भिंतीचे पोपडे पडायचे, मी ओरडायची. आता दार कधी लागलं तेच कळत नाही. मागे वळले की हा उभा. आजोबा गेल्यावर मी त्याला मिठी मारली, तर इस्त्रीची फळी कवटाळल्यासारखं वाटलं. म्हणतो, सगळं ठीक आहे, आई. काय ठीक आहे रे? तू सांगितलंस त्याला, आता तूच माझं पोर मला परत दे." हे ती एका सुरात बोलत होती आणि तिचाही चेहरा हलत नव्हता. डोळ्यांतून पाणी सरळ रेषेत खाली येत होतं. मला रडू कोसळलं, निदान आतून तरी. तेवढ्यात कपाटाच्या काचेत माझं प्रतिबिंब दिसलं. मी हनुवटी सरळ ठेवून, हात बाजूला सोडून उभा होतो. काचेपलीकडचा सांगाडा माझ्यापेक्षा जिवंत दिसत होता, त्याचा जबडा तरी वाकडा होता.

मी लगेच मैदानावर गेलो आणि ओरडलो (ओरडायचा विचार केला, आवाज साधाच निघाला), "कोल्बी, खांदे पाड! तुला वाटेल तसं वाग!" तो म्हणाला, "बरं, सर." आणि त्याने खांदे पाडले. बरोबर दोन इंच. कमरेवर हात ठेवले, मान वर केली, आभाळाकडे बघितलं आणि पुन्हा सरळ झाला. मागची सातही पोरं त्याच क्षणी तसंच करून त्याच क्षणी सरळ झाली. मग तो मला अदबीने म्हणाला, "असंच ना, सर?" मी घरी आलो आणि मोटारीत बराच वेळ बसून राहिलो.

असो. बाकी ठीक. वहिनींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद. देहबोलीचा संघावर परिणाम होतो का, या विषयावर पुढच्या शिबिरात मला भाषण द्यायला बोलावलंय.

तुझा,
मार्विन

ता. क. येत्या पंचवीस तारखेला, शुक्रवारी, शेवटचा सामना आहे. तू यावंस. पुढच्या रांगेत बसावंस, आणि कोल्बीची पहिली फेक चुकली की एक्केचाळीस वर्षांपूर्वी, तू आपला क्वार्टरबॅक असताना, केलंस ते करावंस. चाळीस यार्डांच्या रेघेवर तू हेल्मेट फेकून बसकण मारलीस आणि सगळ्या गावादेखत भोकाड पसरून रडलास. आठवतं? या गावात तेवढं मोकळं आजवर कुणी रडलेलं नाही. दुसऱ्या कुणाला हे जमणार नाही, दादा. त्या पोराला ते एकदा दिसायला हवं.

ता. क. २. त्या दिवशी तुझे सातही गडी तुझ्याशेजारी येऊन बसले होते. नंतर तुम्ही उठलात, सपाटून हरलात, आणि संध्याकाळी एकाच टेबलावर वाडगाभर चिली आणि दालचिनीचे रोल खाताना खिदळत होतात. मी दहा वर्षांचा होतो, मी बघितलंय. मग घरी जाताना पिकअपमध्ये बाबा तुला ते वाक्य बोलले, मी कोल्बीला बोललो तेच. तू वसंतात गाव सोडलंस. मी मागे बसलो होतो, खिडकी उघडी होती, आणि मला वाटलं, बाबांचंच बरोबर आहे. मला माफ कर.

ता. क. ३. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात डेनीसने सांगितलं, की आमचे सामने कॉम्प्युटरवर दिसतात आणि तू सहाच्या सहा बघितलेस. वहिनी कौतुकाने सांगत होत्या, की हल्ली तू खुर्चीत अगदी ताठ बसतोस, कशाबद्दल तक्रार नाही, गुडघ्याबद्दलही नाही. दादा, तुझ्या बोटात कुसळ गेलं तरी तू आळी गोळा करायचास. पत्र वाचून झालं की वहिनींना शेजारी बसव, त्यांचा हात धर, आणि एकदा, एकदाच, मोठ्याने विव्हळ. दुखतंय ना रे गुडघा? मी इकडे फोनजवळ बसलोय.